नर्मदाकाठच्या पाड्यावर आलेली परदेशी स्वयंसेविका : पहिल्या आठवड्याची टिपणं

माळवाट (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. नेदरलँड्सची एक मुलगी महिनाभरासाठी धडगाव तालुक्यात, नर्मदेच्या अगदी काठावरच्या एका पाड्यावर स्वयंसेवक म्हणून आली आहे. फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य. पहिल्या आठवड्यातली तिची टिपणं तिने पाठवली आहेत. थोडक्यात अशी :

१. गाव कुठे आहे तेच कळत नाही. एक घर इथे, दुसरं पलीकडच्या टेकडीवर.
२. नदी वाहत नाही. पाण्यात वाळलेली झाडं उभी आहेत.
३. समोर एवढं पाणी असताना बायका डोंगरातल्या झऱ्यावरून हंडे आणतात.
४. पाड्यावर म्हातारी माणसं आणि मुलं, तरुण जवळजवळ नाहीत.
५. सकाळी आठची बैठक ठरली, अकरापर्यंत कुणी आलं नाही.
६. जेवण दिल्यावर ‘थँक यू’ म्हटलं की सगळे हसतात.
७. मुलांना इंग्रजी शिकवायला सांगितलं आहे, पण त्यांना मराठीही नीट समजत नाही असं दिसतं.

यातलं काय तिला बरोबर दिसलंय आणि कशाचा अर्थ चुकलाय? उरलेल्या तीन आठवड्यांत तिने नेमकं काय करावं? त्या भागाची नीट माहिती असलेल्यांनी लिहावं.

रेवातीर
मुद्दा २ पासून सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंच त्यातून निघतं. ती बघतेय ती वाहती नदी नाही, सरदार सरोवराचा जलाशय आहे. धरण गुजरातेत केवडियाला, पण फुगवटा मागे २१४ किलोमीटर पसरतो. नर्मदा महाराष्ट्राच्या सीमेवरून जेमतेम ५४ किलोमीटर जाते आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं या बुडिताखाली येतात. मणिबेलीत पाणी १९९३ मध्येच शिरलं. जलाशय पूर्ण पातळीला, म्हणजे १३८.६८ मीटरला, पहिल्यांदा भरला तो सप्टेंबर २०१९ मध्ये. उभी वाळलेली झाडं म्हणजे त्या लोकांचे आंबे, महू आणि साग.

पावसाळ्यात पाणी चढतं, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात सर्वात वर असतं आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत उतरत जातं. कमीत कमी पातळी ११०.६४ धरली आहे, म्हणजे उभा फरक २८ मीटरचा. काठाचा उतार चारास एक असेल, तर घर आणि पाण्याच्या मध्ये ११० मीटरहून जास्त रुंदीचा गाळाचा पट्टा उघडा पडू शकतो. ती आली तेव्हा पाणी उतरणीला लागलेलं आहे, म्हणून हा पट्टा रोज थोडा रुंद होताना दिसेल.

रेवातीर
गाळाबद्दल वेगळं लिहितो, ते जिवाशी खेळ आहे. वरचा थर उन्हाने तडकतो आणि घट्ट वाटतो, खाली लोणी असतं. गुरं त्यात रुततात आणि माणसंही. पाण्याकडे उतरायचं ते फक्त रोजच्या पायवाटेने. नवीन जागी काठी हातभर सहज आत गेली तर मागे फिरायचं. पाय अडकलाच तर ओढाताण करायची नाही, ओढल्याने दुसरा पाय जास्त खोल जातो. मागे बसावं, जमलं तर पाठीवर आडवं व्हावं, म्हणजे वजन पसरतं. मग पाय हळूहळू हलवत सोडवावा. मदतीला आलेल्याने जवळ धावू नये, खाट किंवा बांबूची ताटी टाकून तिच्यावरून यावं.

पाडा_फळी
मुद्दा १. घरं ‘विखुरलेली’ नाहीत, शेताला धरून आहेत. डोंगरउतारावर ज्याचं शेत तिथे त्याचं घर. चार-दहा घरांचा एक पाडा आणि असे सहा, आठ, कधी बारा पाडे मिळून महसुली दप्तरातलं एक गाव. देशावरचं गावठाण डोक्यात ठेवून शोधलं तर गाव सापडणारच नाही. शिवाय अक्राणी (म्हणजेच धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांत ७३ वनगावं, म्हणजे वनखात्याच्या ताब्यातली गावं, होती. ती महसुली करण्याचा विषय वर्षानुवर्षं चालला, त्यामुळे जुन्या नकाशांवर पाडे नीट सापडत नाहीत.

तिला सांगा, पाड्यांची नावं लिहून घे आणि कुठल्या पाड्यावरून कुठल्या पाड्यावर पायी किती वेळ लागतो ते लिही. किलोमीटर लिहून उपयोग नाही. दोन किलोमीटर आडवं आणि दोन किलोमीटर चढाचं यात तासाचा फरक पडतो.

कागदपत्र
मधेच विचारतो, कारण हे राहून जातं. व्हिसा कोणता आहे? ई-पर्यटक व्हिसावर बिनमोबदल्याचं स्वयंसेवी काम चालतं, पण जास्तीत जास्त एक महिना. त्याहून जास्त काळ संस्थेत काम करायचं असेल, तर संस्थेचं नाव आणि कामाची जागा लिहिलेला रोजगार व्हिसा लागतो, पगार नसला तरी. ज्या घरात ती राहते त्या यजमानाने, व्यवहारात संस्थेने, तिच्या येण्याची ऑनलाइन नोंद २४ तासांत करायची असते. पाड्यावर नेटवर्क नसतं म्हणून ही नोंद धडगावातूनच करून मग वर जावं.

आणखी एक. युरोपातले डोंगर भटकणारे उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र सोबत ठेवतात. भारतात ते आणि उपग्रह फोन परवानगीशिवाय बेकायदेशीर आहेत, परदेशी पाहुण्यांना त्यावरून अटक झालेली आहे. ड्रोनही आणायचा नाही.

माळवाट
धन्यवाद कागदपत्र. व्हिसा ई-पर्यटकच आहे, २८ दिवसांत परत जाणार. नोंद झाली आहे. यंत्राचं आजच विचारतो.

मोहफूल
मुद्दा ५ वाचून वाईट वाटलं. सकाळी आठला बैठक ठेवली कुणी? या दिवसांत महू गळायला लागतो. फुलं पहाटेपासून पडतात ती नऊ-साडेनऊपर्यंत. बायका-मुलं अंधारात टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. उशीर झाला की गुरं आणि शेळ्या फस्त करतात. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून, कधी जाळून, जमीन साफ केलेली असते ती फूल दिसावं म्हणून. वेचलेली फुलं तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवायची, ओल राहिली की बुरशी धरते आणि व्यापारी भाव पाडतो.

प्रत्येक झाड कुणाचं ना कुणाचं असतं, जंगलातलं असलं तरी. हौसेने चार फुलं उचलली तरी ती दुसऱ्याच्या घरातली वस्तू उचलल्यासारखं आहे. मदत करायची असेल तर ज्या घरात राहते त्यांच्याच झाडाखाली, त्यांची टोपली घेऊन.

बैठक हवी तर संध्याकाळी गुरं परतल्यावर किंवा रात्री जेवणानंतर. बाजाराच्या दिवशी अजिबात नाही.

पाडा_फळी
+१ मोहफूल. आणि मुद्दा ४ यालाच जोडून. दिवाळीनंतर तरुण जोडपी गुजरातेत जातात, ऊसतोडीला, बांधकामाला, शेतमजुरीला. लहान मूल कडेवर, मोठं आजीकडे. होळीला परततात. तिला रिकामा वाटलेला पाडा होळीच्या आठवड्यात ओळखू येणार नाही.

वाचक_३७
काठीची होळी चुकवू नका म्हणावं!

मोहफूल
काठी अक्कलकुवा तालुक्यात आहे. तिथली राजवाडी होळी पहाटे पेटते, म्हणजे रात्रभर थांबावं लागतं. परतीची गाडी आणि सोबत आधी ठरवल्याशिवाय जाऊ नये. होळीच्या आधीच्या आठवडी बाजारांना भोंगऱ्या म्हणतात, धडगावचा भोंगऱ्या तिला जवळ पडेल. तिथे फोटो काढताना विचारून काढावा. नटलेल्या मुलींच्या तोंडासमोर कॅमेरा धरणारे बाहेरचे लोक दरवर्षी येतात आणि लोकांना त्याचा राग आहे, तो रास्त आहे.

महूची दारू पुढे आली तर हात जोडून ‘पीत नाही’ म्हटलं तरी कुणी रागावत नाही. घेतली तर पहिले थेंब जमिनीवर, पूर्वजांसाठी.

गावडॉक्टर
मुद्दा ३. बायका बरोबर करतात. जलाशयाचं पाणी साचलेलं, गढूळ, गुरांनी ढवळलेलं असतं, आणि हंडा घेऊन गाळातून चढणं झऱ्यापेक्षा अवघड. झऱ्याचं पाणीही तिच्या पोटाला नवीन आहे, म्हणून : चार पदरी सुती कापडातून गाळा, खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ठेवा, झाकून गार करा. क्लोरीनची गोळी वापरायची तर पाणी आधी निवळलेलं हवं. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतं आणि जंतू राहतात. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. काढायला लांब दांड्याचा ओगराळा ठेवा, मडक्यात ग्लास बुडवला की सगळी मेहनत वाया.

जुलाब लागले तर १ लीटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, म्हणून अंदाजपंचे नाही.

ताप आला तर ‘थकवा असेल’ म्हणून अंगावर काढायचा नाही. आशाताईकडे हिवतापाचं किट असतं, बोटाच्या थेंबावर १५-२० मिनिटांत कळतं.

रात्री खाटेवर झोपावं, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि चावा जाणवत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळायला त्रास, हे दिसलं की साप दिसो न दिसो, प्रतिविष असलेल्या दवाखान्यात निघायचं. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही.

निघायचं म्हणजे कसं, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावं. काठावरच्या गावांसाठी आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना आणि बोट रुग्णवाहिका आहे. वरच्या पाड्यावरून रस्त्यापर्यंत बांबूला बांधलेल्या झोळीतून चार माणसं आळीपाळीने नेतात. झोळी कुठे ठेवलेली असते आणि कुणाला हाक मारायची, हे माहीत हवं.

डोंगी
बोटीचं कुणी लिहिलं नाही. बाजाराच्या दिवशी बोट भरते. पाण्याची रेघ आणि बोटीचा काठ यात एक वीतभर अंतर राहिलं नसेल तर चढायचं नाही, पुढच्या फेरीची वाट बघायची. उभं राहायचं नाही, सगळ्यांनी एका बाजूला सरकायचं नाही. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीच्या दिवशी भुषाजवळ बोट उलटून माणसं बुडाली, ती अशाच गर्दीने. लाइफ जॅकेट स्वतःचं आणलेलं बरं, आणि ते मांडीवर न ठेवता अंगात घालायचं. दुपारी वारा सुटला की लाटा उठतात, म्हणून पलीकडे जायचं तर सकाळी. पाणी उतरताना बुडालेली खोडं पृष्ठभागाच्या जरा खाली येतात, ती नावाड्यालाच माहीत असतात. भाड्याने डोंगी घेऊन एकटीने वल्हवणं नको.

मगरी आहेत. पाण्यात उतरून आंघोळ नाही. काठावर ओणवं बसून कपडे धुणं पहाटे आणि तिन्हीसांजेला तर मुळीच नाही.

बोलीभाषा
मुद्दा ७. मुलांना मराठी ‘नीट समजत नाही’ असं नाही, मराठी त्यांची तिसरी-चौथी भाषा आहे. घरी पावरी किंवा भिलोरी, बाजारात अहिराणी-गुजराती-हिंदी कानावर, शाळेत मराठी. काठावरच्या काही भिल्ली बोलींत ‘स’चा ‘ह’ होतो. म्हणजे पोर ‘हात’ म्हणतं तेव्हा ते ‘सात’ मोजत असतं आणि नवा शिक्षक हाताकडे बघतो. मूल चुकलं असं वहीवर लाल रेघ मारून ठरवलं जातं आणि तिथून ते गप्प होतं. नर्मदा आंदोलनाने १९९० च्या दशकात चिमलखेडी आणि निमगव्हाणला जीवनशाळा सुरू केल्या त्यात मुलांच्या बोलीला जागा दिली, ती याच कारणाने.

तर तिने काय करावं : रोज पाच वस्तू. मुलांनी आणाव्यात, दगड, पान, विळा, काहीही. मुलं आधी आपला शब्द सांगतील, ती तो म्हणून दाखवेल. ती चुकेल, मुलं खदखदून हसतील, आणि पहिल्यांदाच वर्गात शिकवणारी मुलं असतील. मग मराठी शब्द, शेवटी इंग्रजी. चौथी-पाचवीतल्या मुलांनी तिन्ही शब्द देवनागरीत जाड कागदावर लिहायचे. तीन आठवड्यांत, सुट्या वगळून, ७५ कार्डं होतात. ती शाळेत राहतील. इंग्रजी कविता पाठ करून घेऊ नये, ती गेल्यावर आठवडाभरात उडून जाते.

मोहफूल
मुद्दा ६ चं उत्तर तिथल्या रीतीत दडलंय. आपण तरी घरात आईला भाकरी वाढल्याबद्दल धन्यवाद कुठे म्हणतो? तिथे शेताच्या कामाला ‘लाह’ बोलावतात. सगळा पाडा एका घरच्या शेतात राबतो, ते घर जेवण देतं, उद्या दुसऱ्याची पाळी. घेतलेलं कामाने परत जातं. ‘थँक यू’ म्हणून मोकळं होणं त्यांना विचित्र वाटतं. जेवल्यावर भांडी घासायला उठावं, ज्वारी निवडायला बसावं, पुरेसं आहे. भेटल्यावर ‘राम राम’ किंवा ‘आप की जय’.

स्पष्टच_सांगतो
सगळ्यांनी इतकं प्रेमाने लिहिलंय, पण माझा मूळ आक्षेप ऐका. महिनाभराच्या पाहुण्याने पाड्याला काय मिळतं? एका घरावर एक तोंड वाढतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कणग्या तळाला लागलेल्या असतात. बोली येत नाही, काम येत नाही. मुलांना सवय लागते आणि ती निघून जाते. जिथे जमीन, पुनर्वसन, वनहक्क यांचे प्रश्न आहेत तिथे इंग्रजीच्या कार्डांनी काय होणार?

रेवातीर
स्पष्टच_सांगतो, धान्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि त्याचं उत्तर हिशेबाने देता येतं. एका माणसाला महिन्याला साधारण १४-१५ किलो धान्य, २ किलो डाळ, दीड-दोन लीटर तेल, मीठ, चहा, गूळ लागतं. हे सगळं धडगावच्या बाजारातून पहिल्याच आठवड्यात घरातल्या बाईच्या हातात द्यायचं. संस्थेच्या कार्यालयात पैसे भरले म्हणजे त्या चुलीपर्यंत पोचले असं समजू नये. सरपणही आणू लागावं, पाहुण्यासाठी जास्तीचं पाणी उकळायचं तर लाकूड जास्त लागतं आणि ते डोक्यावरून येतं.

पण काहीच होत नाही, हे पटत नाही. तिला काय येतं त्यावर आहे. माळवाट, ती शिकलीय काय?

माळवाट
वीजजोडणीचं काम शिकलेली आहे, तिकडे दोन वर्षं घरांच्या वायरिंगचं काम केलंय.

सौरबत्ती
हे आधी सांगायचं ना! मग इंग्रजीचा तास अर्धा तास ठेवा आणि बाकी दिवस दिव्यांवर लावा. सौर दिव्यांचे संच योजनांमधून येतात आणि दोन-तीन वर्षांत बंद पडून भिंतीवर टांगलेले राहतात. बहुतेक वेळा पॅनेल चांगलं असतं, मरते ती बॅटरी किंवा जोडणी.

सोबत लागेल : मल्टिमीटर, पाने आणि पेचकस, खाण्याचा सोडा, जुना दात घासायचा ब्रश, पेट्रोलियम जेली, डिस्टिल्ड वॉटरचे ५ लीटरचे दोन कॅन, सुटे फ्यूज, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा.

घरोघरी हा क्रम.

सकाळी ऊन पॅनेलवर यायच्या आधी बॅटरीचं व्होल्टेज मोजायचं, दिवे बंद ठेवून. १२.६ च्या पुढे म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. मग दुपारी पॅनेलची वायर सोडवून पॅनेलचं मोजायचं. ३६ सेलच्या १२ व्होल्टी पॅनेलला भर उन्हात २० ते २२ व्होल्ट दिसायला हवेत. पॅनेल बरोबर आणि बॅटरी रोज सकाळी रिकामी, तर दोष मधे आहे.

मधे म्हणजे बहुधा तीन जागा. एक, बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचते. सोड्याच्या पाण्याने ब्रशने घासायची, पण आधी बॅटरीची झाकणं घट्ट लावून, सोडा आत गेला तर आम्ल मारतो. कोरडं करून जोडायचं, वरून जेली. दोन, बारीक वायर. ९० वॉटचं पॅनेल साधारण ५ अँपियर देत असेल आणि घराच्या माथ्यापासून बॅटरी १० मीटरवर असेल, तर दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत जवळपास १.२ व्होल्ट वाटेतच जातात. अडीचची टाकली की पाऊण व्होल्टावर येतं. तीन, उडालेल्या फ्यूजच्या जागी पिळलेली तार. आतल्या भिंती बांबूच्या आणि वर गवत-कौलं, ही तार दिसताच काढायची.

पाण्याची बॅटरी असेल तर पातळी बघायची. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर बुडेपर्यंतच पाणी घालून चार्ज करायची आणि पूर्ण पातळी चार्ज झाल्यावर भरायची. आधीच काठोकाठ भरली तर चार्ज होताना उतू जाते. झऱ्याचं पाणी नाही, हापशाचं नाही, फक्त डिस्टिल्ड. आम्ल तर कधीच घालायचं नाही.

जोडताना कंट्रोलरला (पॅनेल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणारी पेटी) आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना उलट.

पॅनेल दक्षिणेला तोंड करून, जमिनीशी साधारण २२ अंशांवर, कारण हा पट्टा जवळजवळ २२ अक्षांशावर आहे. एका ताडाच्या पानाची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी वीज निम्म्याहून खाली येते, म्हणून सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला सावली बघून मग खिळे मारायचे.

आणि सर्वात महत्त्वाचं : फोन थेट बॅटरीच्या टोकांवर चार्ज करू नये. कंट्रोलरला वळसा घातल्याने बॅटरी पार रिकामी होते आणि तिचं आयुष्य वर्षभरावर येतं. चार्जिंगची जागा कंट्रोलरच्या पुढे काढून द्यावी, नाहीतर लोक दुसरा काय मार्ग काढणार?

पाडा_फळी
सौरबत्ती, हे पाड्यावरच्या दोघा-तिघांना शिकवायला हवं. जे होळीनंतर पुन्हा बाहेर जातील ते नकोत, घरी राहणाऱ्या सुना-मुली बघा. मल्टिमीटर तिथेच राहू दे.

स्पष्टच_सांगतो
हे असेल तर माझा आक्षेप निम्मा झाला. डिस्टिल्ड वॉटर पुढे कुठून येणार, एवढं ठरवून जा.

सौरबत्ती
बरोबर विचारलंत. धडगावात बॅटरीच्या दुकानात मिळतं. दर महिन्याला बाजाराला जाणाऱ्याने एक कॅन आणायचा, ५ लीटर आठ-दहा घरांना पुरतात. पावसाळ्यात वाट बंद होते, म्हणून जूनच्या आधी तीन कॅन भरून ठेवायचे आणि झाकणावर ‘पिण्याचं नाही’ अशी खूण. अक्षरं न वाचणाऱ्यांसाठी लाल फडकं बांधायचं.

माळवाट
सगळं तिला इंग्रजीत करून पाठवलं. उपग्रहाचं यंत्र नाही, सुटलो. मल्टिमीटर आणि कॅन शनिवारी कुणाबरोबर तरी पोचवतो. ती विचारतेय, सुरुवात किती घरांपासून करू?

सौरबत्ती
ज्या घरात राहते तिथला एक संच. तो सलग चार रात्री चालला की शेजारचे आपणहून बोलावतील.